जाळं कापणारा हात

पावसाळ्यात समुद्र खवळला की पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जखमी कासवं वाहून येऊ लागतात. बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीची, अधूनमधून हिरवी समुद्री कासवं. कुणाच्या मानेत नायलॉनचा फास रुतलेला, तर कुणाचा पुढचा पाय जाळ्याने आवळून काळा पडलेला. डहाणूला वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही तिथली संस्था मिळून अशा कासवांवर उपचार करतात. परवानगी काढून आम्ही घरची सगळी मंडळी तिथे गेलो होतो, आईसुद्धा.

टाकीतल्या एका कासवाला पुढचा डावा पाय नव्हता. जखम भरून आली होती, वर कातडीची गुळगुळीत गाठ तेवढी उरली होती. उजव्या पायाचा फटकारा बसला की अंग डावीकडे वळायचं. मग ते मागचे पाय सुकाणूसारखे तिरपे धरायचं आणि सरळ व्हायचं. श्वासासाठी डोकं वर आलं की फुस्स असा आवाज होई. एक पाय गेलेलं कासव समुद्रात पुन्हा जगू शकतं. दोन गेले की मात्र अवघड.

आई गीतेचा दुसरा अध्याय रोज म्हणते. अवयव आत ओढून घेणारं कासव म्हणजे स्थितप्रज्ञ, हे तिच्या मनात पक्कं. तिने विचारलं, ‘‘मग जाळं लागल्यावर यानं पाय आत का घेतले नाहीत?’’ उत्तर मिळालं ते मला फार लागलं. समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढताच येत नाहीत. हजारो किलोमीटर पोहण्यासाठी घडलेलं शरीर ते. पाय कायम बाहेर. फुप्फुसांनी श्वास घेणारा हा जीव जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिला, तर बुडून मरतो. समुद्रात राहणारा प्राणी बुडून मरतो, हे मुलांना पटायला वेळ लागला.

लेकीचा प्रश्न वेगळा होता. ‘‘जाळं कोणाचं होतं?’’

पुष्कळदा ते कुणाचंच नसतं. फाटलेलं, तुटलेलं, टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं समुद्रात तरंगत राहतं आणि धनी नसतानाही मासे, कासवं धरत राहतं. पण धनी असलेल्या जाळ्याचं काय? तिथे आपण चटकन कोळ्याकडे बोट दाखवतो. मला ते मान्य नाही. भर समुद्रात, कुणी पाहत नसताना, जाळ्यात कासव दिसतं. गुंता सुटत नाही. कासव वाचवायचं तर जाळं कापावं लागतं, आणि त्या जाळ्यावर घरचा चरितार्थ असतो, बऱ्याचदा कर्जही. अशा वेळी सुरी काढून जाळं कापणाऱ्या माणसाची दया ही खरी दया. आम्ही टाकीच्या कडेला उभं राहून हळहळलो. त्याची आम्हाला काय किंमत मोजावी लागली?

महाराष्ट्राने हे ओळखलं, याचं मला समाधान आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की, संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं आणि त्याचे फोटो दिले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कुणी याला बक्षीस म्हणेल. मी म्हणेन, हा आपला वाटा आहे. कासव जगावं असं सगळ्यांना वाटत असेल, तर भुर्दंड एकट्या कोळ्याने का सोसायचा? म्हणूनच ही रक्कम हेलपाटे न घालता, वेळेवर त्याच्या हाती पडली पाहिजे.

किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. वाहून आलेलं कासव दिसलं की लोक कळवळून त्याला पुन्हा पाण्यात ढकलतात. थकलेल्या, जखमी कासवाला तो समुद्र झेपत नाही. त्याला सावलीत असू द्यावं, गर्दी हटवावी आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं.

आणि बाजार. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेल्या जाणाऱ्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी चौकट बसवता येते. भारतीय ट्रॉलर ती वापरत नव्हते, म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. त्या वाटेने थोडी मासळीही निसटते, ही मच्छीमारांची तक्रार खरी आहे. पण परक्या गिऱ्हाइकाने अट घातली, आणि ज्यांच्या दारात हा समुद्र आहे ते आपण कोळंबीचा वाटा घेताना फक्त भाव विचारतो. जाळ्याला वाट ठेवणाऱ्याची कोळंबी थोडी महाग मिळाली, तर ती घ्यायची, असं आमच्या घरात ठरलं आहे. अशी कोळंबी वेगळी ओळखता येईल अशी सोय बाजारात व्हावी, ही मागणी मी मत्स्यव्यवसाय विभागाकडे करणार आहे. वाचकांनीही करावी.