विंगरला दिलेला शब्द

ग्रिम्सबी टाऊन हा क्लब मी पाच हंगामांत इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेला. अर्थात लॅपटॉपवर, रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान. खरं ग्रिम्सबी मी पाहिलेलं नाही. समुद्राकाठचं मासेमारीचं गाव आहे आणि क्लबचं मैदान मात्र शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, एवढीच माहिती.

ज्यांनी 'फुटबॉल मॅनेजर' खेळलेला नाही त्यांच्यासाठी: या खेळात तुम्ही चेंडूला पाय लावत नाही. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी १९९२मध्ये 'चॅम्पियनशिप मॅनेजर' काढला, त्याचा हा वारसदार. तुम्ही प्रशिक्षक असता. संघ निवडता, डावपेच ठरवता, पण बहुतेक वेळ जातो तक्ते वाचण्यात. मागून बघणाऱ्याला वाटतं मी आयकराचा फॉर्म भरतोय. आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त मजा कशात येत असेल तर ती करारांत. सामना जिंकण्यात नशिबाचा भाग असतो. एजंटाला घासाघीस करून खाली आणणं हे निखळ माझं कर्तृत्व.

तर एक विंगर होता. वय १७. खेळातली वर्षं पुढे सरकतात तसे खरे खेळाडू निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी खेळ स्वतःच पोरं जन्माला घालतो, त्यांपैकी हा एक. म्हणजे याच्यामागे हाडामांसाचा कोणीही नाही. पोरगा वाऱ्यासारखा धावायचा. त्याच्या कराराचे आठ महिने उरले होते. शेवटचे सहा महिने लागले की परदेशी क्लब त्याच्याशी थेट बोलू शकतात आणि हंगाम संपला की तो फुकट निघून जातो. दोन मोठे क्लब आधीच घिरट्या घालत होते.

मी वाटाघाटींना बसलो. या पडद्यावर प्रत्येक अटीशेजारी एक कुलूप असतं. आठवड्याचा पगार मी माझ्या आकड्यावर ठेवला आणि कुलूप लावलं. म्हणजे एजंटाला कळतं की इथे बोलणं नाही. बदल्यात काय द्यायचं? ज्याला पैसे पडत नाहीत ते. बचावफळीतल्या खेळाडूला गोलमागे घसघशीत बोनस द्यायचा, ही जुनी युक्ती. तो गोल मारतो कशाला! विंगरला ती चालत नाही. त्याला मी लिहून दिलं की पुढच्या हंगामापासून तू नियमित पहिल्या अकरांत. जोडीला मुदत एका वर्षाने वाढवण्याचा हक्क क्लबकडे, आणि ठरावीक रक्कम आली की खेळाडूला सोडावंच लागेल, हे कलम काढून टाकलेलं. त्या जागेवर माझ्याकडे ३१ वर्षांचा अनुभवी खेळाडू होता आणि त्याला बसवायचा माझा अजिबात विचार नव्हता. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

एजंट उठून गेला. मी आधी सेव्ह करून ठेवलं होतं. रीलोड केलं. पुन्हा उठून गेला. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा, पगारात किरकोळ फरक केल्यावर, त्याने मान डोलावली. मी रात्री दीड वाजता मूठ आवळून 'येस' म्हणालो. पहिल्या चार वेळा तो अपमान वाटून निघून गेला होता, हे आता फक्त मला माहीत आहे.

ही जी कलमं मी बोटाच्या टिचकीसरशी लावतो-काढतो, ती आली कुठून हे मी नंतर वाचलं. इंग्लंडमध्ये १९६१पर्यंत खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. मैदानात कितीही हजार माणसं तिकीट काढून येवोत. जिमी हिलच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना संपाच्या तोंडाशी गेली तेव्हा ती मर्यादा उठली. पण त्याहून वाईट प्रथा वेगळीच होती: करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे. म्हणजे पगार द्यायचा नाही आणि दुसरीकडे खेळूही द्यायचं नाही. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं, क्लब सोडेना. त्याने खेळणं थांबवून दुसरी नोकरी धरली. पुढे तो आर्सेनलला गेला, पण खटला सोडला नाही, आणि १९६३मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी बंधन आहे असा निकाल दिला.

तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागणं युरोपात चालूच होतं. १९९०मध्ये झाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूचा लिएजच्या क्लबशी करार संपला. क्लबने नवा करार देऊ केला तो जुन्या पगाराच्या साधारण चौथाईवर. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं, तो व्यवहार फिसकटला. तो कोर्टात गेला. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचा निकाल आला १५ डिसेंबर १९९५ रोजी. तोवर त्याच्या उमेदीची पाच वर्षं गेली होती. पुढच्या पिढीतल्या खेळाडूंनी त्या निकालावर गडगंज पैसा केला. त्याला त्यातलं काही मिळालं नाही.

दुसऱ्यांचे खेळाडू फुकट उचलताना मी रोज बोस्मानच्या नावाने मिळालेला हक्क वापरतो. आणि माझा विंगर तोच हक्क वापरू लागला की मला तो कृतघ्न वाटतो.

हे मी एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, डेटाबेसमधली एक ओळ आहे ती. तिला कसला आलाय शब्द?" बरोबर आहे. मी स्वतः दिवसभर अशा ओळी लिहितो आणि पुसतो. विंगरच्या नावापुढे नाराजीची लाल खूण आली ती कुठल्याशा चलाची किंमत घसरली म्हणून, हे मला माहीत आहे. यावर कांटचं एक ठरलेलं उत्तर असतं. प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, कारण तसं वागणारा माणसांशीही तसाच वागायला लागतो, असं तो म्हणत असे. हे उत्तर मला फारसं पटत नाही. बुद्धिबळात वजीर मारून कोणी खुनी झालेलं नाही.

मला आठवला तो हरिश्चंद्र. आजी सांगायची त्या गोष्टीत तो राज्य दान करतो ते स्वप्नात. सकाळी विश्वामित्र दारात उभे. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की स्वप्नातलं कशाला मोजायचं? आजी म्हणाली होती, "बोलला कोण? तोच ना?" तेव्हा मला हा बावळटपणा वाटला होता, आणि खरं सांगायचं तर बायकोमुलाला विकण्यापर्यंत जाणारा तो सत्यवादीपणा मला आजही भयंकरच वाटतो. पण आजीच्या प्रश्नात एक मेख आहे. समोरचा खरा आहे का, हे ती विचारतच नाही.

हाना आरेंट या विचारवंतीणबाईंनी १९५८च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये म्हटलंय की माणसाच्या कृतीला दोन दुखणी आहेत. केलेलं परत घेता येत नाही, त्यावर उपाय क्षमा. पुढचं सांगता येत नाही, त्यावर उपाय वचन. हे वाचताना माझ्या डोक्यात आलं ते रीलोडचं बटण. ते दोन्ही दुखणी एका फटक्यात घालवतं. आणि मग क्षमाही नको आणि वचनही नको. विंगरशी मी खोटं बोललो यापेक्षा मला हे जास्त खटकतं: मी चार वेळा बोललेलं न बोललेलं केलं, आणि ते करताना मला काहीच वाटलं नाही. सवय लागली होती.

ही सवय लॅपटॉप मिटल्यावर तिथेच राहते का?

गेल्या वर्षी मी टीम लीड झालो आणि मुलाखतींनंतर उमेदवारांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या क्षेत्रात नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड असतो. हातात एक ऑफर घेऊन मुलं त्या तीन महिन्यांत दुसरी, तिसरी शोधतात. कंपन्या त्यांना बेभरवशाचे म्हणतात. शेवटचे सहा महिने लागलेला खेळाडू आणि हे यांत फरक एवढाच की यांना एजंट नाही. एक मुलगा होता, लातूरकडचा, दोन वर्षांचा अनुभव. त्याच्याकडे आमच्यापेक्षा दोन लाखांनी जास्तीची ऑफर होती. आकडा वाढवता येणार नाही असं मला वरून सांगितलं होतं. कुलूप. मग मी त्याला म्हणालो, "तिकडे सपोर्टला टाकतील. इथे पहिल्या दिवसापासून नवीन प्रॉडक्टवर असशील." नवीन प्रॉडक्टवर जागा निघेल की नाही, मला माहीत नव्हतं. सपोर्टला दोन माणसं कमी आहेत हे मात्र पक्कं माहीत होतं.

तो आला. फोन ठेवल्यावर मी मूठ आवळली होती का, हे मी आठवायचा प्रयत्न करतो.

अकरा महिने तो रात्रपाळीत तिकिटं मिटवतोय. मागच्या सोमवारी त्याने राजीनामा टाकला आणि त्याला थांबवायचं काम माझ्याकडेच आलं. आम्ही कँटीनमध्ये बसलो. मी सांगितलं की पुढच्या तिमाहीत नवीन प्रॉडक्टवर जागा होतेय आणि मी त्याचं नाव दिलंय. या वेळी हे खरं होतं. त्याने चहाचा कप फिरवत ऐकून घेतलं.

"सर, हे मेलवर द्याल का?"

फुटबॉल मॅनेजरमध्ये निदान लेखी असतं. विंगरला मी दिलेला शब्द त्याच्या करारात नोंदलेला आहे, आणि मोडला तर सगळी ड्रेसिंग रूम माझ्यावर उलटते. आमच्या ऑफर लेटरमध्ये पगाराच्या चौदा ओळी असतात, काम कोणतं त्याची एकही नाही.

"एचआरला विचारून सांगतो," मी म्हणालो. तो हसला, आणि कप उचलून ठेवायला गेला.