वाट सोडून आलेला पाहुणा

शास्त्रवाचन : यिर्मया ८:७, उत्पत्ती १८:१-८



पाखरांना आपली येण्याजाण्याची वेळ कळते, देवाच्या लोकांना मात्र कळत नाही, असे यिर्मया संदेष्ट्याचे दुःख आहे. हे वाचताना आम्हांला ग्रेट नॉट नावाचा किनारपक्षी आठवतो. ईशान्य सायबेरियातील डोंगरांवर त्याची घरटी. हिवाळ्यात बहुतेक थवे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याकडे जातात. वाटेत चीन व कोरिया यांच्यामधील पीत समुद्राच्या चिखलात उतरून ते शिंपले खातात. तेथे पोट भरले नाही तर पुढचा पल्ला गाठता येत नाही. दक्षिण कोरियात सेमांगम येथे ३३ किलोमीटरचा बांध घातला गेला. २००६ साली त्याने भरतीचे पाणी अडले आणि तो चिखल गेला. पाखरांनी वेळ पाळली होती. ताट मात्र उचललेले होते. त्यांची संख्या फार घटली.

आपल्या देशात हा पक्षी थोडाच येतो. २०२२ साली केरळात, त्रिशूर जिल्ह्यातील चावक्काडच्या किनाऱ्यावर एक दिसला. त्याच्या पायात खुणेची पट्टी होती. पाहणाऱ्यांनी ती नीट वाचली, चौकशी केली, तेव्हा समजले की ती रशियातील कामचटका येथे घातलेली. नऊ हजार किलोमीटरांहून अधिक अंतर! एका पाखराची एवढी विचारपूस झाली.

आमचे मलाजखंड समुद्रापासून फार दूर. तो पक्षी येथे यायचा नाही. पण तांब्याच्या खाणीमुळे माणसे लांबलांबून येतात. गेल्या हिवाळ्यात ठेकेदाराच्या टोळीतले एक गृहस्थ तीन रविवार उपासनेला आले. शेवटच्या बाकावर बसत. गीते त्यांना पाठ होती, पुस्तक उघडावे लागत नसे. आम्ही 'जय ख्रिस्त' म्हणून हात जोडले, आणि घरी जेवायला गेलो. (त्या दिवशी आमच्याकडे पाहुण्यांसाठीच स्वयंपाक होता, हेही सांगितले पाहिजे.) चौथ्या रविवारी ते आले नाहीत. आम्ही मजुरांच्या वस्तीत गेलो, तर टोळी दुसऱ्या कामावर निघून गेलेली. नावच ठाऊक नाही, मग विचारावे कोणाबद्दल?

अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसला होता. अनोळखी तिघे दिसताच तो धावला. वय झालेला माणूस, पण धावला. पाणी, भाकरी, वासरू, सारे नंतर. आम्ही बाकावरून उठलोसुद्धा नव्हतो.

संडे-स्कूलच्या शिक्षकांपाशी आम्ही हे बोललो. हजेरीपटात पाहुण्यांसाठी रकानाच नव्हता. त्यांनी शेवटचे पान रिकामे ठेवले आणि मुलांना विचारले, "ते काका कोणाकोणाला आठवतात?" आम्हांला वाटले, कोणी काही सांगणार नाही. पण पानावर तीन ओळी भरल्या : निळा स्वेटर; डाव्या हाताच्या बोटाला पट्टी; लहान मुलाला खिशातले शेंगदाणे दिले.