ऐरणीवरची उसंत

मराठीतील 'छंद' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. कवितेचे वृत्त म्हणजे छंद, आणि मनाला लागलेली गोडी म्हणजेही छंद. पहिल्या अर्थात नियम आहे, दुसऱ्यात मोकळीक आहे. लोहाराच्या ऐरणीवर घण पडू लागला की पहिला अर्थ कानांना तत्काळ पटतो. दुसरा अर्थ मात्र तेथे कोणी शोधत नाही. लोहाराचा धंदा कोणता हे गावातले लहान मूलही सांगेल. लोहाराचा छंद कोणता, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण ज्या माणसाच्या आवडीनिवडींविषयी आपल्याला कुतूहलच वाटत नाही, त्याला आपण माणूस म्हणून कितपत ओळखतो? म्हणून या लेखात आम्ही हाच प्रश्न विचारीत आहोत: हातांनी कष्ट करणाऱ्याला फावल्या वेळेचा हक्क आहे की नाही?

थंड प्रदेश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाळ देश येतात. परंतु आमचा नगर जिल्हा, २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, तोही पौष-माघात काही कमी गार नसतो. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर ज्या अकोले तालुक्याच्या सीमेवर उभे आहे, तेथील वाऱ्याला धार असते; आणि पठारावरच्या गावांतही रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो. नेमका हाच लोहाराच्या धांदलीचा काळ. उसाचे गाळप सुरू झालेले असते, तोडणीसाठी कोयते हवे असतात. पाठोपाठ ज्वारीच्या काढणीसाठी विळे पाजवून द्यायचे असतात. पहाटे भट्टी पेटते. गावातली चार माणसे शेकायला तेथे जमतात आणि लोहाराला नशीबवान समजतात. त्याची छाती होरपळत असते आणि पाठ काकडत असते, हे शेकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

या कामात बुद्धी लागत नाही, असा सुशिक्षितांचा समज आहे. कोयता घडवायचा तर ट्रकच्या कमानीचा जुना पाटा निवडावा लागतो, कारण साध्या लोखंडाला धार टिकत नाही. लोखंड किती तापले, हे त्याच्या रंगावरून ओळखायचे असते. म्हणून भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवतात. शेवटी पाणी द्यायचे. लाल पाते पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण तेवढेच ठिसूळही होते. मग ते घासून पुन्हा बेताने तापवावे लागते. पात्यावर प्रथम वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग जांभळा, मग निळा. कोणत्या रंगावर थांबायचे, हे ज्याला कळले तो कारागीर. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते, आणि घाई केली तर पाते पहिल्याच घावाला तुटते. हा विवेक पुस्तकातून येत नाही. तरुण लोहार तो बापाशेजारी उभा राहून वर्षानुवर्षे शिकतो.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. युरोपातील थंड देशांत कारखान्यांनी गावचा लोहार केव्हाच नाहीसा केला. आज तेथे कचेरीत काम करणारी माणसे शनिवारी-रविवारी पैसे भरून लोहारकाम शिकायला जातात. एखादी सुरी, एखादा आकडा स्वतःच्या हाताने घडवला की त्यांना धन्य वाटते. ऐरण तीच, निखारे तेच, हाताला पडणारे फोडही तेच. मग एकाचा छंद आणि दुसऱ्याचे ओझे, हा फरक कोठून आला? कामात तो नाही. हातोडा खाली ठेवण्याची मुभा एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढाच तो फरक आहे.

हा भेद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभी यरुशलेममध्ये बेन सिरा नावाच्या ज्ञानी पुरुषाने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या ३८ व्या अध्यायात लोहाराचे चित्र आले आहे. आगीच्या झळांनी झिजणारा त्याचा देह, कानांत घुमणारा हातोड्याचा नाद, नमुन्यावर खिळलेले डोळे, हे सारे त्याने डोळसपणे टिपले आहे. पण त्याच ठिकाणी तो असेही सुचवतो की ज्ञान हे सवड असणाऱ्याला लाभते. कारागिरांवाचून नगर वसत नाही, तरी सभेत त्यांना कोणी विचारीत नाही. अध्यायाच्या शेवटी मात्र तो मान्य करतो की जगाची घडी हेच लोक टिकवून धरतात आणि त्यांची प्रार्थना त्यांच्या कामातच असते. हा उतारा वाचताना आम्ही थोडे अडखळतो. त्यात आदर आहे, पण अन्यायाची नोंद करून पुढे निघून जाणेही आहे. कामातच तुझी प्रार्थना आहे, असे लोहाराला सांगणे सोपे आहे. त्याला सवड मिळावी म्हणून आपली सोय थोडी सोडणे कठीण आहे.

श्रमाच्या गौरवाविषयी आमच्या मनात आणखी एक शंका आहे, आणि ती आमच्या जिल्ह्याच्या मातीतूनच उगवली आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, त्यात लोहार हा गावाचा एक मुख्य आधार. फाळ, फास, कुऱ्हाड यांच्या बदल्यात सुगीला त्याच्या पदरात धान्य पडायचे. ही व्यवस्था दुरून सुबक दिसते. परंतु लोहाराच्या मुलाने लोहारच व्हावे, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असे. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था श्रमांची विभागणी करून थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांनी गावकीची सक्तीची कामे केली आहेत. त्यांना श्रमाची स्तोत्रे ऐकवताना जीभ चाचरली पाहिजे. ज्या कामाला नकार देता येत नाही, ते कितीही उपयुक्त असले तरी त्याला 'पाचारण' हे पवित्र नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, पोट भरलेल्यांनी छंदांच्या गोष्टी कराव्यात. लोहाराला आधी रास्त दाम द्या. हे म्हणणे आम्हांस अर्धे मान्य आहे. दाम आधी, यात वाद नाही. बाजाराच्या कडेला पाल ठोकून बसणाऱ्या घिसाडी कुटुंबाकडे पाहावे. नवरा सांडशीत लाल लोखंड धरतो, बायको दोन्ही हातांनी घण उचलून घाव घालते, आणि तान्हे मूल बाजूच्या झोळीत असते. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी आपण तेथे दहा रुपयांची घासाघीस करतो. शहरातील दुकानात छापील किमतीपुढे आपली हीच जीभ गप्प बसते. ते दहा रुपये कोणाच्या संध्याकाळीतून कापले जातात, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडणार नाही.

परंतु दाम मिळाल्यावर मन आपोआप जागे होते आणि तोवर ते झोपलेले असते, हे मात्र खरे नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुने अडकित्ते ठेवले आहेत. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. तरी कोणी त्यांना मोराचा आकार दिला, कोणी घोड्याचा. घडवणाऱ्यांची नावे त्यांवर नाहीत. पण गरजेपेक्षा अधिक असे काही करण्याची ओढ त्या हातांना होती, याची साक्ष ते लोखंड आणि पितळ देत आहे. आजही दाराच्या कडीच्या टोकाला एखादा लोहार विनाकारण नागमोडी वळण देतो. त्याचे पैसे तो मागत नाही. ते वळण हीच त्याने कामाच्या वेळातून चोरून काढलेली उसंत होय. आणि संध्याकाळी हात धुऊन तालमीत जाणारा, भजनात ढोलकी धरणारा किंवा मोकळ्या रानात पोरांबरोबर क्रिकेट खेळणारा तरुण लोहार काही वेळ तरी केवळ लोहार राहत नाही. ज्याला आपल्या धंद्याहून वेगळे असे काही होता येते, तोच आपला धंदाही मोकळ्या मनाने करू शकतो.

विसाव्याची आज्ञा देताना परमेश्वराने केवळ घरधन्याला सुट्टी दिली नाही. दास, दासी, परका माणूस आणि बैलसुद्धा त्या आज्ञेत आहे. आपला विसावा दुसऱ्याच्या राबण्यावर उभा असेल, तर ती आज्ञा आपण अर्धीच पाळली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक लिहिले, तेव्हा रास्त वेतनाबरोबर विश्रांतीचाही कैवार घेतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये सांगितले की कामाचे मोल मुळात ते करणाऱ्या माणसावरून ठरते. हा विचार गावच्या भट्टीपर्यंत नेला, तर त्याचा अर्थ सोपा आहे. रविवारी मिस्सा आटोपून घरी जाताना सवडीने लोहाराचे दार ठोठावून 'एवढा कोयता आत्ताच लावून दे' असे म्हणणे थांबवता येईल. काम सांगताना मुदत थोडी सैल देता येईल. ठरलेला भाव न कुरकुरता मोजता येईल.

आणि घरातल्या मुलांविषयीही एक गोष्ट. नापास झालास तर लोहारकाम करावे लागेल, असा धाक अनेक घरांत घातला जातो. त्या एका वाक्याने आपण दोन मुलांचा अपमान करतो, आपल्या आणि लोहाराच्या. त्यापेक्षा मुलाला एकदा भट्टीपाशी न्यावे, पात्यावर चढणारे रंग त्याला पाहू द्यावेत, आणि परवानगी घेऊन त्या तरुणाला विचारावे: दादा, काम नसते तेव्हा तुम्हांला काय करायला आवडते? कदाचित तो लाजेल, कदाचित काही सांगेल. नावे ठेवायला आणि भाव पाडायला आपल्याला वेळ असतो. हे एक उत्तर ऐकण्यापुरता वेळ काढणे काही अवघड नाही.