मंद्र नादाची मर्यादा

वैशेषिक दर्शनाने शब्दाला आकाशाचा गुण मानले आणि आकाशाला एक, सर्वव्यापी व अविभाज्य ठरवले. मग एका ठिकाणी उमटलेला शब्द सर्वांना सर्वत्र का ऐकू येत नाही, ही अडचण उभी राहिली आणि तिला न्याय-वैशेषिक परंपरेने दिलेले उत्तर विलक्षण आहे: कर्णशष्कुलीने, म्हणजे कानाच्या पोकळीने, मर्यादित झालेले आकाश हेच श्रोत्रेंद्रिय होय. आकाश अखंड असले तरी ऐकणे घडते ते पोकळीला भिंत लाभल्यावरच, असा या उत्तराचा अर्थ होतो. आधुनिक भौतिकशास्त्र शब्दाला आकाशाचा गुण मानत नाही, ते त्याला हवेतील दाबाची लाट समजते. त्यामुळे दोन्ही मतांची सांगड ओढून-ताणून घालणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही खालच्या स्वरासाठी बांधलेली ध्वनिक्षेपकाची पेटी पाहिली की पोकळी, भिंत आणि नाद यांचा तोच जुना संबंध नव्या रूपात समोर येतो, आणि त्या नादाचा उपयोग उपासनेसाठी होऊ लागला की त्याला नीतीचे अंगही प्राप्त होते.

आजच्या प्रचलित ध्वनिक्षेपकाचे रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडले. त्यात कागदाचा एक शंकू विजेच्या वेटोळ्यामुळे मागेपुढे हलतो; तो पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच हालचालीतून दोन लाटा निघतात आणि त्या परस्परांच्या नेमक्या उलट असतात. उंच स्वरांच्या लाटा आखूड असल्याने या विरोधाने त्यांचे फारसे बिघडत नाही, पण सेकंदाला ५० कंपने असलेल्या स्वराची लाट हवेत सुमारे ७ मीटर लांब असते, आणि एवढ्या लांब लाटेला वीतभर शंकूच्या कडेला वळसा घालून पुढे येणे मुळीच अवघड जात नाही. मागची लाट पुढच्या लाटेला गाठते आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. उघडा ठेवलेला स्पीकर कितीही जोराने हलला तरी त्यातून बेस, म्हणजे मंद्र स्वर, जवळजवळ ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच आहे.

वर्धा जिल्ह्यात या नियमाची एक अतिशय शांत साक्ष आहे. १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटलेले जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी आणि त्यांचा निप्पोनझान म्योहोजी हा पंथ जपाच्या वेळी जो डफ वाजवतो, तो एका कड्यावर ताणलेले कातडे आणि धरायला दांडा एवढाच असतो. त्याला खोड नाही, पोकळी नाही. कातड्याच्या दोन्ही बाजू उघड्या असल्यामुळे त्याच्या खालच्या स्वरांची परस्परांत वजाबाकी होते आणि उरतो तो कोरडा, स्पष्ट, थोड्या अंतरावर विरून जाणारा ठोका. विदर्भातील भजनी मंडळांची खंजेरीही उथळ कड्याची असल्याने या डफाच्या बरीच जवळची आहे. याउलट वारकऱ्यांच्या मृदंगाचे खोड पोकळ आणि दोन्ही तोंडे कातड्याने मढवलेली असतात, आत हवा कोंडलेली असते, आणि म्हणूनच त्याच्या डाव्या तोंडाचा घुमारा अंगाला जाणवतो. तंबोऱ्याचा भोपळा, घट आणि मृदंग यांच्या कारागिरांनी पोकळीचे हे काम हाताने ओळखले होते. विसाव्या शतकाने त्याचे गणित मांडले.

त्या गणिताचा पहिला मार्ग बंद पेटीचा. शंकूची मागची लाट चारी बाजूंनी कोंडली की ती पुढच्या लाटेला पुसू शकत नाही. पण कोंडलेली हवा आता स्प्रिंगसारखी वागू लागते आणि शंकूला मागे ढकलते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ, शंकूचा स्वाभाविक कंपनाचा स्वर तितका वर चढलेला आणि त्याखालचा नाद तितका क्षीण. पेटी गरजेपेक्षा फारच लहान केली तर त्या चढलेल्या स्वराभोवती आवाज फुगतो आणि प्रत्येक ठोका एकाच सुरात घुमल्यासारखा वाटतो. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये या हवेच्या स्प्रिंगलाच शंकूचा मुख्य आधार बनवून लहान पेटीतून खोल मंद्र काढून दाखवला. पेटीत तंतुमय भरण घातले तर दाबल्या जाणाऱ्या हवेची उष्णता तंतू शोषून घेतात, स्प्रिंग थोडी मऊ होते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्याप्रमाणे वागते; तत्त्वतः ही वाढ १.४ पटींपर्यंत जाऊ शकते, प्रत्यक्षात ती बरीच कमी असते. हिंगणघाटच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात आणि सेवाग्रामात ज्याचे सूत निघाले, त्या कापसासारखा तंतू पेटीच्या पोकळीला असा विस्तार देतो, ही गोष्ट या जिल्ह्यातील वाचकाला विशेष वाटावी.

दुसरा मार्ग मागच्या लाटेला न कोंडता तिचे परिवर्तन करण्याचा आहे. अल्बर्ट थुरास यांनी १९३० च्या सुमारास पेटीला एक मोजून काढलेले तोंड ठेवले, ज्याला पोर्ट म्हणतात. त्या तोंडातील हवेचा गोळा आणि पेटीतील हवेची स्प्रिंग मिळून रिकाम्या घड्याच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा एक निश्चित स्वर धरतात. त्या स्वराजवळ मागची लाट उलटी होऊन पुढच्या लाटेच्या साथीला बाहेर येते आणि स्वतः शंकू मात्र जवळजवळ स्थिर राहतो. या लाभाची किंमतही आहे. त्या स्वराच्या खाली गेले की पोर्ट आणि शंकू पुन्हा परस्परांविरुद्ध जातात, आणि बंद पेटीत सप्तकामागे १२ डेसिबलने ओसरणारा नाद येथे २४ डेसिबलने कोसळतो. शिवाय पेटीत साठलेली ऊर्जा ठोका संपल्यावरही काही काळ बाहेर पडत राहते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात या सर्वांची सूत्रे पक्की केल्यापासून पेटी अंदाजाने बांधण्याचे कारण उरलेले नाही. तरीही दोन्ही मार्गांत एक गोष्ट अटळ आहे: मंद्र नाद अस्तित्वात येतो तो त्याच्या अर्ध्या भागाला आवर घातल्यावर.

हा आवर धर्मविचाराशी कसा जोडला जातो, हे पाहण्यासाठी देवगिरीला जावे लागते. यादवराजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात नादाची तीन स्थाने सांगितली आहेत: मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात. गायकाच्या देहाचे हे वर्णन श्रोत्याच्या देहालाही लागू पडते, कारण मोठ्या पेटीतील खालचा स्वर कानाबरोबर छातीतही जाणवतो. शब्दाच्या प्रसाराविषयी नैयायिकांनी दोन दृष्टांत दिले आहेत, एक पाण्यावरील तरंगांचा आणि दुसरा कदंबाच्या कळीचा, जिचे केसर एकाच वेळी सर्व दिशांना फुलतात. पेटीपेक्षा कितीतरी लांब लाट असलेला मंद्र स्वर खऱ्या अर्थाने कदंबासारखा फुलतो. उंच स्वर पुढच्या दिशेला झोत टाकतो, भिंतीने अडतो, पण मंद्र स्वर पेटीच्या मागे, बाजूला, घरांच्या आत सारखाच पोहोचतो, कारण भिंत जितकी जड तितकी ती ध्वनीला अडवते खरी, परंतु स्वर जितका खाली तितकी तीच भिंत दुबळी ठरते.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. हृदय हे उपासनेचे स्थान मानले, तर दुसऱ्याच्या हृदयस्थानी त्याच्या संमतीवाचून नाद पोहोचवणे ही उपासना ठरते की अतिक्रमण? डोळा मिटता येतो, कानाला पापणी नाही, आणि छातीला तर बोटे घालूनही झाकता येत नाही. मिरवणुकीत पेट्यांची भिंत उभी केली जाते तेव्हा हे अतिक्रमण वाढत जाते, कारण शेजारी ठेवलेल्या बेसच्या दोन पेट्या एकच स्वर वाजवताना एका देहासारख्या वागतात आणि नाद ६ डेसिबलने वाढवतात.

कायद्याचा कान या बाबतीत अपुरा आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, पण मोजणी ‘ए’ मापनपद्धतीने होते. ही पद्धत मंद आवाज ऐकताना माणसाच्या कानाची जी संवेदनक्षमता असते तिच्यावर बेतलेली असल्याने ५० कंपनांच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. परिणामी केवळ असा स्वर ८५ डेसिबलने घरात घुमत असला तरी मापकावर ५५ हाच आकडा दिसेल. कोणताही धर्म इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करण्यास सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये म्हटले, आणि ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. हे दोन्ही निर्णय योग्यच आहेत, पण आकडा पाळला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्याला मंद्र स्वर सहज पळवाट देतो.

भक्ती सामूहिक असते, टाळ-मृदंगाचा गजर हीच तिची भाषा आहे आणि मौनाचा आग्रह धरणे म्हणजे सामान्य माणसाचा आनंद हिरावणे, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. त्याचे उत्तर वर्ध्यातच मिळते. सोमवारी मौन पाळणाऱ्या गांधीजींच्या सेवाग्राममधील प्रार्थनेत फुजी गुरुजींच्या जपालाही स्थान मिळाले, आणि ही प्रार्थना भिंती व छप्पर नसलेल्या उघड्या मैदानावर होत असे. पवनारच्या आश्रमात, धाम नदीच्या काठी, विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले, पण त्यांनी इतरांना गाण्यापासून रोखले नाही. या परंपरेला नादाचे वावडे नव्हते. तिचा नाद गाणाऱ्याच्या श्वासाएवढा होता आणि ऐकू इच्छिणाऱ्याने जवळ यावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. मृदंगाचा मंद्र वाजवणाऱ्याच्या हाताइतकाच थकतो, पेट्यांची भिंत थकत नाही. म्हणून तिला आवर घालण्याचे काम माणसालाच करावे लागते.

जिल्ह्यातील उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती एवढीच आहे, की मिरवणुकीआधी त्यांनी मार्गावरील आजारी माणसाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या घरात दार लावून बसावे, बाहेर एक पेटी वाजवायला सांगावी, छातीवर हात ठेवून तो नाद ऐकावा आणि मगच रस्त्यावर किती पेट्या उभ्या करायच्या ते ठरवावे.