कंपासपेटीतली पन्नी

बस. मान खाली घालून उभं राहायचं नाटक नको, ते तुला छान जमतं. आणि ही पन्नी टेबलावरच राहू दे. कर्कटक आणि कोनमापकाच्या मध्ये गुंडाळून ठेवली होतीस ना? दहावीच्या पोट्ट्यांच्या कंपासपेटीत कंपास सोडून सगळं सापडतं, हे मला तीस वर्षांत कळलंय. पण खर्रा? आणि तोही तुझ्या पेटीत?

“सर, मित्राचा आहे.” कुठल्या मित्राचा? नाव सांग. का थांबलास? थाप मारायची तर निदान पाठ करून यावी. त्यातही आळस!

सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, चुन्याच्या निवळीत लाल लिटमस बुडवला तर काय होईल. निळा होतो, कारण चुना अल्कधर्मी. दोनपैकी दोन गुण, मीच दिले. मग सांग, हाच चुना खर्ऱ्यात तंबाखू-सुपारीबरोबर कशाला घोटतात? चव यावी म्हणून? अल्कधर्मी झालं की निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. धडा तोच, चुना तोच. वहीत कळतो आणि गालात गेला की कळत नाही होय? पानठेल्यावरच्या भाऊनं विज्ञानाचं पुस्तक उघडलं नसेल, पण चुना किती लावायचा हे त्याला तुझ्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे. तंबाखूलाही आणि तुलाही.

गेल्या वर्षी शाळेच्या फाटकापासून 100 यार्डांवर रस्त्यावर पिवळा पट्टा कोणी मारला? टेपचं टोक कोणाच्या हातात होतं? “सर, 91 मीटर 44 सेंटिमीटर,” असं सगळ्या वर्गासमोर खणखणीत सांगितलं होतंस. त्या पट्ट्याच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठराच्या आतल्या पोराला तर कुठंच विकायची नाही, असा 2003 चा कायदा आहे. तूच फळ्यावर लिहिला होतास, सुंदर अक्षरात. ठेला पट्ट्यापासून वीस पावलं पुढं सरकला आणि त्याच्यामागून तूही सरकलास. ठेलेवाल्याचं मी बघतो. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यानं 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे त्याला मी समजावून सांगेन. आत्ता मी तुझ्याशी बोलतोय.

काय म्हणालास? सगळेच खातात? तुमच्या वर्गात पोरं 44. खाणारी किती? बोटं मोड. चार. तुझी उठबस त्या चौघांत म्हणून चौघं म्हणजे सगळे? 2019 साली देशभरातल्या 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांची सरकारी पाहणी झाली, त्यात तंबाखू घेणारी निघाली शंभरात साडेआठ. उरलेली साडेएक्क्याण्णव तुला दिसत नाहीत, कारण ती ठेल्यावर नसतात.

बरं, रात्री झोप येत नाही, अभ्यास होतो, हेही ऐकलं. गणितात 71 होते, आता 52 आहेत. जागून काय, छताचे वासे मोजत होतास?

“बाबापण खातात.” हं. हे मात्र खरं आहे. तुझे बाबा खाणीत रात्रपाळी करतात. तरी सकाळी येऊन आईला पाणी भरू लागतात, एक खाडा नाही, कोणाचं थकलेलं देणं नाही. यातलं काय उचललंस तू? वारसाहक्कानं फक्त खर्राच मिळाला? आणि त्या माणसाशी तू केलंस काय, ते माझ्या तोंडून ऐक. ठेल्यावरची उधारीची वही मी काल बघितली. तुझ्या नावावर एक ओळ नाही. सगळं बाबांच्या नावावर. महिनाअखेरीला ते हिशोब करायला गेले आणि आकडा बघून म्हणाले, “एवढा मी खाल्ला? कमी करायला पाहिजे.” ऐकलंस? पोराचा खर्रा आपल्या माथी घेऊन तो माणूस स्वतःची सवय कमी करायला निघालाय.

रडू नकोस. रडल्यानं उधारी फिटत नाही.

आमच्या शिक्षकांच्या खोलीतही एकदोन पन्न्या निघतात, हे तू म्हणायच्या आत मीच सांगतो. त्यांनाही बोललोय, वाईट झालोय. त्यांचा आधार घेऊन तुला सुटता यायचं नाही.

आता आ कर. मोठा. तुझीच तीन बोटं एकावर एक उभी धर आणि दातांमधून आत घाल. घाल. दोनच गेली ना? तिसरं अडतंय कुठं? पुढच्या बाकावरच्या पोरीची तिन्ही आरामात जातात, तिचं तोंड तुझ्याहून लहान आहे. संक्रांतीच्या डब्यात तू ठेचा बाजूला सारलास तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तिखटावर तुटून पडणारं पोट्टं दहीभात मागतंय! तोंडात आग होते ना? सुपारीमुळं गालाच्या आत दोरखंडासारखे ताठ पट्टे धरतात. धरले की आपोआप सुटत नाहीत, आणि त्यातून पुढं कॅन्सरही होऊ शकतो. सिगारेटच्या पाकिटावर निदान ते चित्र तरी असतं. पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून ती निरुपद्रवी वाटली?

तालुक्याला चढाईत सहा गुण आणणारा पोरगा तू. कबड्डी, कबड्डी म्हणायला तोंड उघडावं लागतं रे. गेल्या सामन्यात पंचांनी “आवाज येत नाही” म्हणून तुला माघारी पाठवलं, तेव्हा मला वाटलं दम कमी पडला. मूर्ख मी.

“एका दिवसात सोडीन, सर.” किती वेळा सोडलास आजवर? बघ, हसू आलं तुलाच.

सोमवारी मी रजा टाकलीय. सकाळी सव्वासहाची एसटी, नागपूरला दंत महाविद्यालयात जायचंय. स्टँडवर सहाला ये, चूळ भरून ये. त्याआधी आज रात्री बाबा कामावर निघायच्या आत त्यांना त्या वहीतल्या कुठल्या ओळी तुझ्या आहेत ते सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगणार नाही. पण सोमवारी एसटीत बसल्यावर पहिला प्रश्न तोच विचारीन.

जा आता. पन्नी राहू दे इथं. आणि कंपासपेटी घेऊन जा, उद्या भूमितीची चाचणी आहे.