जवळ्याची चटणी आणि तिचा परवाना

1 जूनला मासेमारीची बंदी लागली की होड्या किनाऱ्याला लागतात आणि टेमघर, भिवंडीच्या घरांतून सुक्या मासळीचा वास येतो. सुकट, बोंबील, जवळा. ही बेगमी वाळवतात त्या किनाऱ्यावरच्या बायका. मासा वाळूत पसरला की कचकच दाताखाली येते. तोच बांबूच्या मांडवावर, वाऱ्याला टांगला की स्वच्छ वाळतो, दोन पैसे जास्त मिळवतो.

एवढ्याशा फरकाचंच तर प्रशिक्षण असतं. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, इथे मासळीचे टिकाऊ पदार्थ करण्याचं शास्त्र शिकवतात: कोळंबीचं लोणचं, माशाचे वडे, जवळ्याची चटणी. वाळूचा तोच प्रश्न शेवाळालाही: लाल शेवाळापासून अगर निघतं, जेली घट्ट करणारं. पण ते शेवाळ आधी गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, नाहीतर रेती राहतेच.

हात तर या बायकांचे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. मला वाटतं, खरी अडचण पुढे आहे: बर्फ, शीतपेटी, स्वतःच्या नावावरचं कर्ज आणि पाकिटावरचा चौदा अंकी अन्नपरवाना. शिकवणाऱ्यांनी परवान्याचा अर्ज त्यांच्याशेजारी बसून भरावा. आणि आपण चटणी घेताना या बायकांच्या बचतगटाचं पाकीट आवर्जून मागावं.