पडलेल्यांचे काय करावे?

धर्मासाठी प्राण देणाऱ्यांच्या कथा आपण आवडीने सांगतो, आणि त्या सांगाव्यातही. परंतु त्याच संकटात जे भ्याले, ज्यांनी मान तुकविली आणि वादळ ओसरल्यावर जे खालच्या मानेने परत आले, त्यांची कथा सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक संख्येने तेच अधिक असतात. मला तर असे वाटते की, एखाद्या श्रद्धावंत समाजाची खरी पारख त्याच्यातले शूर कसे मेले यापेक्षा त्याने आपल्यातल्या पडलेल्यांना कसे वागविले यावरूनच होते.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीपुढे हा प्रश्न मोठ्या कठोरपणे उभा राहिला होता. इ. स. २५० च्या सुमारास रोमचा बादशहा डेसियस याने फर्मान काढले की, साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा, नैवेद्य चाखावा आणि तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. यातून ज्यू लोकांना तेवढी सूट होती. असे चाळीसहून अधिक दाखले ईजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. त्यांचा मजकूर ठरीव साच्याचा आहे : मी देवांची सेवा नेहमीच करीत आलो आहे, आताही आपल्यासमक्ष केली आहे, तरी आपण सही करावी. कचेरीतल्या कोणत्याही अर्जासारखा अर्ज! पण एका देवाखेरीज दुसऱ्या कोणाला न भजण्याची शपथ वाहिलेल्या माणसाला त्या कागदाची किंमत काय पडली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरी त्या वेळी सिप्रियन हा बिशप होता. त्याने जे लिहून ठेवले आहे ते वाचून मन खिन्न होते. कोणी धरून नेण्याची वाटही न पाहता लोक आपण होऊन चौकाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी काम थांबवू लागले, तर आजच आमचे उरकून टाका, अशी विनवणी काहींनी केली. कोणी बळी दिला, कोणी निखाऱ्यावर धूप टाकला. कोणी पैसे चारून नुसता दाखलाच मिळविला. काही मात्र तुरुंगात गेले आणि काही तेथेच मेले. स्वतः सिप्रियन शहर सोडून लपून राहिला व पत्रे पाठवून मंडळी सांभाळीत राहिला. त्याबद्दल त्याला बोलही ऐकून घ्यावे लागले.

२५१ मध्ये डेसियस गॉथ लोकांशी लढताना पडला. छळ ओसरला, आणि पडलेले लोक मंडळीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आम्हांला पुन्हा प्रभुभोजनाच्या पंक्तीला घ्या, म्हणू लागले. आता काय करावे?

तीन मते निघाली. तुरुंगवास सोसून आलेल्यांचा मान मोठा होता. त्यांतले काही जण दयाळूपणे चिठ्ठ्या देऊ लागले : अमक्याला त्याच्या माणसांसह आत घ्यावे. ही माणसे किती, कोण, त्यांनी केले काय, याची विचारपूस नाही. याच्या अगदी उलट रोममधला विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन. त्याचे म्हणणे, ज्याने असा धर्मद्रोह केला त्याला देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही. त्याने आपला वेगळा पंथ काढला आणि तो पुढे काही शतके टिकला.

तिसरी वाट सिप्रियन व कार्थेजला जमलेल्या बिशपांनी काढली. सरसकट माफी नाही आणि सरसकट बंदीही नाही. प्रत्येकाचे प्रकरण वेगळे पाहावयाचे. बायकोमुलांना वाचविण्यासाठी एकटाच पुढे होऊन ज्याने पाप माथी घेतले, तो आणि आपल्याबरोबर घरच्यांना व कुळांनाही ओढून घेऊन गेला तो, यांना एका मापाने कसे मोजावयाचे? नुसता दाखला घेणाऱ्यांना चौकशीअंती परत घेतले. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना दीर्घ पश्चात्ताप सांगितला, पण मृत्यूच्या वेळी दार उघडण्याचे वचन दिले. पुढे पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा पश्चात्ताप करीत असलेल्या सर्वांनाच आत घेतले. कारण लढाईवर धाडावयाच्या शिपायाला निःशस्त्र ठेवून कसे चालेल?

मी शाळामास्तर आहे. परीक्षेत एखादा मुलगा कॉपी करताना सापडला, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत हीच मते मी ऐकत असतो. एक म्हणतो, नाव काढून टाका. दुसरा म्हणतो, जाऊ द्या हो, पोरच आहे. दोघांची मते परस्परविरुद्ध. पण दोहोंत एक सोय सारखीच आहे. त्या मुलाला समोर बसवून, बाबा रे, तू हे का केलेस, असे विचारण्याचे कष्ट दोघांनाही पडत नाहीत. कडकपणा आणि ढिलाई ही पुष्कळदा एकाच आळसाची दोन रूपे असतात. सिप्रियनची वाट अवघड होती, ती एवढ्याचसाठी की, तीत माणसाकडे पाहावे लागत होते.

याच काळातली एक गोष्ट अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने सांगून ठेवली आहे. सेरापियन नावाचा एक म्हातारा जन्मभर निर्मळ राहिला, पण छळात डगमगला. त्यानंतर तो क्षमेची याचना करी, पण त्याच्याकडे कोणी लक्ष देईना. तो आजारी पडला, तीन दिवस बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी जरा शुद्ध आली तेव्हा त्याने नातवाला धर्मगुरूकडे पाठविले. रात्रीची वेळ, आणि धर्मगुरूही आजारी. त्याने प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा मुलाच्या हाती दिला व सांगितले, हा भिजवून आजोबांच्या मुखात घाल. मुलाने तसे केले आणि म्हाताऱ्याने शांतपणे प्राण सोडला. बिशपांचे वाद, पंथांच्या फाटाफुटी एकीकडे, आणि अंधारातून तुकडा घेऊन धावणारे ते पोर एकीकडे!

पण त्या मंडळीचे सगळेच अनुकरणीय होते, असे मात्र समजू नये. ३०३ साली नवा छळ सुरू झाला. धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करणाऱ्या बिशपांवरून आफ्रिकेत पुन्हा तट पडले. शुद्ध कोण आणि बाटगा कोण, हा वाद शंभर वर्षांहून अधिक चालला. अखेर ४११ साली कार्थेजला दोन्ही पक्षांची सभा भरली, निकाल एका बाजूने लागला, आणि हरलेल्यांवर सरकारी बळ चालविले गेले. ऑगस्टीनसारख्या थोर पुरुषानेही त्याला संमती दिली. ज्यांच्या पूर्वजांनी बादशहाचा दंडा सोसला, त्यांनीच तो भावंडांवर चालू दिला! सोसल्याने माणूस मोठा होतो खरा, पण आपोआप न्यायी होत नाही, हाही धडा त्याच मंडळीकडून घ्यावयाचा आहे.

सिप्रियनची गोष्ट मात्र तेवढ्यावर संपली नाही. व्हॅलेरियन बादशहाच्या कारकीर्दीत पुन्हा छळ आला. १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजला त्याचा शिरच्छेद झाला. या खेपेस त्याने मरण टाळले नाही. आठ वर्षांपूर्वी, हा पळाला, हा आमचा नव्हे, असे म्हणून मंडळीने त्याला कायमचे दूर केले असते, तर हा दिवस उगवलाच नसता. खुद्द पेत्राने गुरूला तीनदा नाकारले होते, आणि मेंढरे राखण्याचे काम त्याच्याकडेच आले. मनुष्य पडतो त्या क्षणी तो जेवढा असतो, तेवढाच तो नसतो. पुढचे कळावयाचे तर त्याला वेळ द्यावा लागतो.

आजच्या श्रद्धावंतांनी, मग ते कोणत्याही देवाचे असोत, एवढे जरी घेतले तरी पुष्कळ झाले. आणि हे केवळ देवळाचे किंवा चर्चचे काम नव्हे. दिवाळीच्या फराळाला ज्याला बोलावणे जात नाही, असा एखादा माणूस पुष्कळ घरांत असतो. त्याने काय केले हे सर्वांना पाठ असते. का केले, हे कोणी विचारलेले नसते.